सेहेचाळीस आणि अकरा

पन्नासपैकी अकरा. हे गुण मी दिले होते आणि ते खोटे होते, हे आधीच सांगून टाकतो. ज्या सरांविषयी लिहायला बसलो आहे त्यांच्या एकेक तऱ्हा सांगत गेलो की ऐकणारे हसतात, मलाही बरं वाटतं, आणि मूळ गोष्ट राहून जाते. एकवीस वर्षं असंच होत आलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी सरांची नक्कल करतो. नक्कल चांगली जमते. लोक टाळी देतात आणि डबे बंद करून आपापल्या टेबलाकडे जातात. अकराचं मी त्यांच्यापैकी कोणालाच सांगितलं नाही.

सर म्हणजे शिकवणारे सर नव्हेत. परळीत आमची व्यवस्थापन पदविकेची संस्था होती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वर्गात साठ जण, प्रवेश मुलाखतीवर. तिथल्या प्रवेश विभागाचे ते अधीक्षक होते आणि वर्षानुवर्षं मुलाखती एकटे घेत होते. व्यवस्थापनातलं आपल्याला काही कळत नाही हे ते स्वतःच सांगत. "मला फक्त दार मालूम हाय. आत काय शिकवतात ते आतल्यांना विचारा."

उंच, काटकुळे, किंचित पुढे वाकलेले. अंगात बारा महिने बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर. फायली बांधायची लाल फीत असते ना, ती गळ्यात, आणि तिला घराची किल्ली. सही करायला वाकले की किल्ली कागदावर यायची. मग ते ती डाव्या हातानं उचलून धरायचे आणि उजव्यानं सही करायचे. त्यांची सही म्हणजे दोन हातांचं काम होतं.

ते मुलाखत खोलीत घेत नसत. ऑफिसच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या आणि एक माठ, एवढंच. परळीत वीजकेंद्राची राख उडते, खिडकी उघडी राहिली तर टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं, मग उघड्या व्हरांड्याचं काय सांगावं. एक मुलगा उठून दुसरा येईपर्यंत खुर्चीवर राखेची साय धरायची. सर प्रत्येकासाठी स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसत आणि रुमाल झाडून पुन्हा खिशात ठेवत. मग म्हणत, "आधी पाणी प्या."

या पाण्यावर आमच्या वसतिगृहात एक मोठं शास्त्र तयार झालं होतं. सर पाणी कसं ओतलं यावरून गुण देतात, असं ठरलेलं. आधी सरांना द्यायचं, पेला काठोकाठ भरायचा नाही, सांडलं तर पाच गुण गेले. मुलाखतीला आलेल्या नव्या पोरांना आम्ही गंभीर चेहऱ्यानं हे शिकवायचो. एकदा मी सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "अरे बे, गेवराईहून, धारूरहून यष्टीनं येतात पोरं. तहान लागलेली असती. त्यात काय पारखायचं?"

हे 'बे' फार महत्त्वाचं होतं. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला, मग तो कितीही लहान असो, सर 'तुमी' म्हणत. निवडीची यादी फलकावर लागली की त्याच मिनिटापासून 'तू' आणि 'बे'. यादी वाचायला गर्दी करणाऱ्या मुलांपासून जी लांब उभी असायची त्यांना निकाल असा कळायचा. सर शेजारून जाताना म्हणायचे, "काय बे, इथं काय उभा हाईस, फॉर्म भर." मला माझा निकाल असाच कळला.

त्यांचे प्रश्न दोनच. पदवीचे गुण, वाचन, छंद, यातलं काही नाही. पहिला प्रश्न, "निघताना घरी कोणाला काय सांगून आलात?" त्यानंतर गप्पा जातील तिकडे जाऊ द्यायच्या. आणि शेवटचा, "आता तुमी मला एक विचारा." छापील फॉर्मवर नेतृत्व, संवादकौशल्य, देहबोली असे दहा रकाने असत. सर ते सगळे रकाने ओलांडून पेन्सिलीनं एकच ओळ लिहीत. 'आईचं नाव सांगताना आवाज वाढला.' 'हसला नाही, पण मला हसवलं.' 'फार हुशार. घ्या, पण एकटा बसवू नका.' त्या ओळीखाली गुण. संचालक वैतागून जात. पण सरांनी घेतलेली मुलं टिकत असत, हेही त्यांना दिसत होतं.

सर स्टेशनमागं एका खोलीत राहत. त्यांच्या घरी कोण आहे याबद्दल वेगवेगळं बोललं जाई. कोणी म्हणे बायको परभणीला शिक्षिका आहे, कोणी म्हणे लग्नच झालं नाही. विचारायची हिंमत कोणाला नव्हती. रविवारीसुद्धा ते व्हरांड्यात येऊन बसत, हे मात्र सगळ्यांनी पाहिलेलं.

पहिल्या वर्षीच्या दिवाळीत वसतिगृह रिकामं झालं आणि मी एकटा उरलो. मित्रांना म्हणालो, अभ्यास करायचा आहे. खरं म्हणजे घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न होता. माझं गाव चकलांब्याजवळ. आई-वडील दोघं ऊसतोडीला जाणारे. दिवाळीचे दिवे विझायच्या आत आमच्याकडच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून कारखान्यांच्या मुलखात निघतात, त्या चैत्रापर्यंत येत नाहीत. घराला कुलूप असतं. मित्रांना मी सांगून ठेवलं होतं की वडील साखर कारखान्याच्या कामात आहेत. त्यांनी त्याचा अर्थ अधिकारी असा घेतला आणि मी तो घेऊ दिला.

त्या सुट्टीत दुपारी मेसही बंद असे. तिसऱ्या दिवशी सर वर्तमानपत्राच्या पुडीत चिवडा घेऊन आले आणि माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. तू इथं का, असं त्यांनी विचारलं नाही. आम्ही पुडी मध्ये ठेवून चिवडा खाल्ला. खोबऱ्याचे काप ते माझ्या बाजूला सरकवत होते. पुडी संपल्यावर कागदाची नीट घडी घालत म्हणाले, "सुट्टी लई लांब असती बे." चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशीही ते आले. सातव्या दिवशी मुलं परतली, तेव्हा व्हरांड्यात मला पाहून त्यांनी फक्त मान हलवली. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. मी तर नाहीच.

माझ्या दुसऱ्या वर्षी नवे संचालक आले. त्यांनी ठरवलं की मोठ्या शहरांतल्या संस्थांत होतं तसं आपल्याकडेही शिकत असलेल्या विद्यार्थ्यांनी मुलाखती घ्यायच्या. प्रत्येक उमेदवाराच्या दोन मुलाखती, एक सरांची आणि एक दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची. दोघांच्या गुणांची सरासरी तीस झाली की प्रवेश. मात्र दोघांच्या गुणांत पंधराहून जास्त फरक पडला तर सरासरी काढायची नाही. दोघांनी समोरासमोर बसून बोलायचं आणि मिळून एकच आकडा द्यायचा.

आम्ही आठ जण निवडले गेलो. हॉलमध्ये कापडी पडदे लावून आठ कप्पे केले होते. शेजारच्या कप्प्यातला शब्द अन् शब्द ऐकू यायचा. आम्हाला टाय घालायचा होता. वसतिगृहात गाठ बांधता येणारा एकच मुलगा होता. त्यानं आठही टाय बांधून दिले आणि ते आम्ही वर्षभर गाठ न सोडता डोक्यातून काढले-घातले.

आम्ही मुलाखती फार कडक घेत होतो. पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता, तुमचा सर्वांत मोठा दुर्गुण कोणता, हे पेन विका पाहू. उमेदवार बोलत असताना मध्येच तोडायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप आलं. आमच्याकडून मुलं घाम पुसत बाहेर पडत आणि मग व्हरांड्यात सरांच्या माठाचं पाणी पीत. सरांनी या योजनेला विरोध केला नाही. एक दिवस ते हॉलमध्ये मागं येऊन तासभर बसले, आणि संध्याकाळी मला म्हणाले, "तुमी लई जोरात विचारता बे. माणसाला बोलायला जागाच न्हाई ठेवत."

मी म्हणालो, "सर, आम्ही विद्यार्थी आहोत, आम्हाला विद्यार्थी कळतो."

"कळत असंल. पर मी विचारतो तवा मला भीती न्हाई. तुमाला हाय. समोरचा आपल्यापेक्षा बरा निघाला तर, ही एक. आन आपल्यासारखाच निघाला तर, ही दुसरी."

मी हसलो होतो, हे आठवतं.

ती आली तो दिवस फेब्रुवारीतला. माझ्या कप्प्याचा पडदा बाजूला करून आत आली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच तिचा चेहरा उजळला. मीही तिला ओळखलं. शेजारच्या वस्तीवरची. आमची घरं एकाच टोळीत होती. शाळेत जायच्या आधीचे तीन हंगाम आम्ही दोघं कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये एकमेकांशेजारी राहिलो होतो.

"तू व्हय," ती म्हणाली. "म्या म्हणलं कोण अनोळखी पोरगं असंल. तुझी आई आता कोणत्या कारखान्यावर हाय? माझ्या डोक्याला तेल लावायची बघ ती कोपीत, तुला मारून मला…"

डावीकडच्या कप्प्यातला आवाज थांबला होता. उजवीकडचाही थांबला असं मला वाटलं. खरोखर थांबला होता का, हे मला आजही माहीत नाही.

मी म्हणालो, "प्लीज टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ."

ती थांबली. माझ्या टायकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. ती माझ्याहून हुशार होती, सगळं तिच्या लगेच लक्षात आलं. खुर्चीत सरळ बसली आणि म्हणाली, "तुमी विचारा, मी सांगते." तूचं तुमी झालं होतं. पुढची दहा मिनिटं मी इंग्रजीत विचारत राहिलो आणि ती मराठीत तुटक उत्तरं देत राहिली. जाताना तिनं नमस्कार केला. मी फॉर्मवर लिहिलं, 'संवादकौशल्य कमी, आत्मविश्वास नाही.' आणि अकरा.

मला ती नापास व्हावी असं वाटत होतं का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. उत्तर असं आहे की मला ती माझ्या आसपास दिसायला नको होती. मी तर चार महिन्यांत बाहेर पडणार होतो. तेवढाही धीर मला नव्हता.

तीन वाजता व्हरांड्यातून बोलावणं आलं. सरांनी रुमालानं खुर्ची पुसली. ती विद्यार्थ्यासाठी ते कधी पुसत नसत. मला वाटतं त्या दिवशी मी त्यांना मुलाखतकार म्हणून बरोबरीचा होतो.

"बस बे. पाणी पी. तुझे अकरा, माझे सेहेचाळीस. कावून?"

"सर, संवादकौशल्य कमी आहे."

"माझ्यासंगं तर लई बोलली."

"घाबरट वाटली मला. कंपनीत टिकणार नाही ती."

"ते मला मालूम न्हाई. मी कंपनीत कवा गेलतो." त्यांनी त्यांचा फॉर्म माझ्याकडे फिरवला. दहा रकान्यांवरून पेन्सिलीची ओळ गेली होती. 'कुलूप स्वतः लावून आली. मला विचारलं.'

"मी विचारलं, निघताना कोणाला सांगून आलात. म्हणली, घरी कोणी न्हाई, सगळे उसाला गेलेत. कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या काकूला दिली. शेवटी मी म्हणलं, आता मला एक विचारा. पोरं काय विचारतात तुला मालूम हाय. फी किती, नोकरी लागंल का. ही म्हणली, सर, तुमी निघताना कोणाला सांगून येता?"

सर गळ्यातली किल्ली फितीवरून खालीवर सरकवत होते.

"मी म्हणलं, कोणाला न्हाई. ती म्हणली, मग आपलं सारखंच हाय." मग ते म्हणाले, "इतक्या वर्सांत मला कोणी असं विचारलं न्हवतं. आता हे सेहेचाळीस तिचे हाईत, का मला बरं वाटलं त्याचे हाईत, हे मला उमजंना. म्हणून तुला विचारायलोय. तू तरणा हाईस. तूच सांग."

म्हातारा माणूस स्वतःबद्दलची शंका घेऊन माझ्यापुढं बसला होता. एक वाक्य बोललं की काम होणार होतं, आणि ते वाक्य मला सापडलं.

"सर, तुम्हाला तिची दया आली असेल. एकटी आली म्हणून."

 त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि माझ्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"तुला एक सांगू? तुझ्या मुलाखतीला तू माझ्यापुढं खोटं बोलला व्हतास. वडिलांना सांगून आलो म्हणलास. फेब्रुवारीत चकलांब्याकडची माणसं कुठं असतात मला मालूम हाय. पर तुझे कान लाल झालते. लाजून खोटं बोलणारा माणूस मला चालतो. म्हणून घेतलं तुला." त्यांनी पेन्सिल उचलली. "आज तुझे कान लाल न्हाईत. म्हणजे तू खरं बोलायलास. माझीच नजर चुकली."

त्यांनी सेहेचाळीसवर काट मारली आणि खाली वीस लिहिलं. किल्ली डाव्या हातात धरून सही केली. मग मी सही केली. "पाणी पी," ते पुन्हा म्हणाले, आणि मी प्यालो.

त्या वेळी माझे कान लाल का झाले नाहीत, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पहिल्या वेळी मी लाजलो, कारण समोरचा माणूस भला वाटत होता. दुसऱ्या वेळी तो भला आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी 'मला एक विचारा' हे सोडलं. आठवडाभरानं आमच्या लक्षात आलं की ते सगळ्यांना तीस देत आहेत. हुशार असो, मठ्ठ असो, तीस. फॉर्मवर ओळ नाही, नुसता आकडा. तीस म्हणजे घ्याही नाही आणि नकोही नाही. निर्णय आपोआप आमच्याकडे आला. विद्यार्थ्यांचे आणि सरांचे गुण फारसे वेगळे पडेनासे झाले, समोरासमोर बसायची वेळ येईना. संचालकांनी बैठकीत सांगितलं की योजना यशस्वी झाली. आम्ही आठ जणांनी टाळ्या वाजवल्या.

मी पास झालो, लातूरला एका खाजगी कंपनीत लागलो. निघायच्या दिवशी व्हरांड्यात जाऊन सरांच्या पाया पडलो. त्यांनी विचारलं, "कोणाला सांगून चाललास बे?"

"तुम्हाला, सर."

ते हसले. त्या हसण्यानं मला फार दिवस त्रास दिला. मग तोही कमी झाला, आणि मी त्यांची नक्कल करू लागलो.

आता माझं काम काय, तर कंपनीसाठी माणसं निवडणं. रोज कोणी ना कोणी समोर बसतं. मी कोणाला घरचं विचारत नाही.

मागच्या हिवाळ्यात केजहून येताना युसूफ वडगावच्या बाजूला रस्त्याकडेला एक तेलघाणा दिसला. बायकोनं करडईचं तेल सांगितलं होतं. गाडी थांबवून आत गेलो. दोन माणसं पोती उतरवत होती आणि एक बाई त्यांना ओरडून जागा दाखवत होती. माझ्याकडे वळून तिनं पाहिलं आणि म्हणाली, "टाय कुठं हाय?"

 तिनं प्लास्टिकची खुर्ची पुढं ढकलली.

"बस. मारत न्हाई. घाणा माझाच हाय. तुझ्या आईचं कळलं मला, वाईट वाटलं."

मी म्हणालो, "मला तुझी माफी मागायची आहे."

"माझी राहू दे. मी काय करू तिचं." हे ती रागानं बोलली नाही, मापात तेल ओतत ओतत बोलली. "पुढच्या वर्षी माझं लगीन झालतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तुला काय सांगायचं. सहा हंगाम ऊस तोडला. मग हे उभं केलं. तुझा राग व्हता लई दिवस. पर तू भ्यालतास हे बी मला दिसलं व्हतं." तिनं बरणीचं झाकण घट्ट केलं. "त्या म्हाताऱ्याचं मला कळलं न्हाई. त्यानं मला पत्र टाकलं व्हतं."

"कोणतं पत्र?"

ती आत गेली आणि पोस्टकार्ड घेऊन आली. कोपरे तेलानं पिवळे झालेले. अक्षर पेन्सिलीचं, सरांचंच. 'आपली निवड झाली नाही. माझ्या नजरेचा दोष आहे, तो आता वयामुळे असावा. आपण मला जे विचारलं त्याबद्दल आभारी आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाकडे मुलाखत द्यावी, पण यावं.'

"दोष त्याचा व्हता का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग त्याला सांगितलंस का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"एकवीस वर्सं," ती म्हणाली. "जा तू आता. गिऱ्हाईक खोळंबलंय."

त्या बोलण्यानंतरही मला परळीला जायला दोन महिने लागले. पत्ता विचारत बसावं लागलं नाही. स्टेशनमागं तीच खोली. दुपारचे चार वाजले असतील. सर दाराशी खुर्ची टाकून बसले होते, अंगात तोच स्वेटर किंवा तसलाच दुसरा, गळ्यात फीत. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती. ती कोणासाठी ठेवली होती हे मी विचारलं नाही.

"या," ते म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, वाकून खुर्ची पुसली, रुमाल झाडला. "तुमी कोण? दिसतं कमी आता."

मी नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, दिवाळीतल्या चिवड्याचं सांगितलं.

"तू व्हय बे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला उठून जावंसं वाटलं. "आधी पाणी पी."

मी प्यालो. काय करतोस म्हणाले. माणसं निवडायचं काम करतो, असं सांगितलं.

"ते लई वंगाळ काम. शेवटी शेवटी मला जमंना झालतं. एक पोरगी आलती, तुझ्याच वेळची, तुला आठवत नसंल. तिच्यापासून माझा माझ्यावरचा भरवसाच उडाला. रिटायर हुईपर्यंत नुसते आकडे टाकले. माणूस समोर बसायचा, मी त्याच्याकडं बघायचोच न्हाई. बघून काय करणार, नजरच गेलती." हे सगळं ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. गाडी उशिरा आहे, असं सांगावं तसं. बाजूनं एक मालगाडी गेली आणि तिचे डबे संपेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो. मग सवयीनं त्यांनी विचारलं, "निघताना घरी कोणाला काय सांगून आलास?"

"बायकोला सांगून आलो, सर. एका माणसाची माफी मागायला परळीला चाललोय म्हणालो. तिनं कारण विचारलं. तिला सगळं सांगितलं. तिच्याआधी ते तुम्हाला सांगायला हवं होतं."

सरांनी कमरेत वाकून चेहरा माझ्या जवळ आणला, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. ते काय बघत होते ते मला कळलं. माझे दोन्ही कान पेटले होते.

"सर, ती मुलगी माझ्या शेजारच्या वस्तीवरची होती. आमच्याच टोळीतली. तिनं मला ओळखलं, आणि पडद्यापलीकडच्या पोरांना माझं घर कळेल म्हणून मी भ्यालो. तुम्हाला तिची दया आली नव्हती. ते मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो, कारण ते तुम्हाला लागेल हे मला माहीत होतं. तुमची नजर कधीच चुकली नव्हती. सेहेचाळीस तिचेच होते. अकरा माझे होते. मला माफ करा."